नारूला हरवणारी पिपरटोल्याची गडगडी

करकरते म्हणून हसू नका, मित्रांनो. मी एक जुनी गडगडी आहे. विहिरीवरच्या आडव्या दांडीत बसवलेलं, दोर ओढला की फिरणारं लोखंडी चाक, ते मीच. तेल वेळेवर घातलं असतंत तर माझा आवाजही निघाला नसता. पण लोकांचं असंच असतं. पाणी हवं तीन वेळा आणि तेल आठवणार दिवाळीला!

माझा जन्म गोंदियाचा. भंगार झालेल्या एका इंजिनाचं लोखंड लिलावात निघालं होतं. त्यातला एक तुकडा बिसराम लोहाराने घेतला. त्याने मला भट्टीत तापवलं, घणाखाली बडवलं आणि दोर घसरू नये म्हणून कडेने खोल खाच पाडली. काम झाल्यावर मला बोटाने गरगर फिरवून तो म्हणाला, "बढिया! बैलगाडी टूट जायेगी, ये नहीं टूटेगी." एवढी स्तुती ऐकून मी फुगले, आणि खरं सांगते, अजून ओसरले नाही.

साल होतं १९३४. आमचा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यातला. सालेकशाच्या जंगलाजवळ पिपरटोला नावाचं धानकऱ्यांचं गाव होतं. मी तिथे बैलगाडीतून गेले आणि पहिल्याच दिवशी चक्रावले. भर उन्हाळ्यात, शेताची कामं तोंडावर आलेली असताना, निम्मा गाव खाटेवर पडलेला! कोणाच्या घोट्यातून, कोणाच्या पोटरीतून पांढरा दोऱ्यासारखा किडा बाहेर डोकावत होता. तो नारू. त्याला काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचं. मध्येच तुटला तर पाय भोपळ्यासारखा सुजायचा. गावाचे पटेल शालीकराम स्वतः काठी टेकत चालायचे.

गावाची विहीर होती पायऱ्यांची. बाया खाली उतरायच्या, घोटाभर पाण्यात उभ्या राहून गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, भरायच्या. आणि गंमत ऐका. नारूने पायाची आग आग झाली की माणसं त्याच पायऱ्या उतरून पाय त्याच गार पाण्यात सोडून बसायची. बरं वाटायचं त्यांना! वर येताना तेच पाणी प्यायला घरी न्यायची.

शालीकरामांनी दोन वर्षं जिल्हा कौन्सिलकडे अर्ज केले, तेव्हा कुठे विहीर सुधारायला सरकारी पैसा मंजूर झाला. ओव्हरसिअर केशोराव कागद घेऊन आले. विहिरीला कठडा, भोवती दगडी ओटा, सांडपाण्याला नाली, दोर ओढायला मी, आणि पायऱ्या मुरूम घालून कायमच्या बंद. सामान सरकारचं, अंगमेहनत गावाची.

"दुखऱ्या पायातून नारूची पिल्लं पाण्यात उतरतात," केशोराव ओरडून सांगत होते. "तेच पाणी तुम्ही पिता आणि वर्षाने तो तुमच्या पायातून निघतो. पायऱ्या उघड्या राहिल्या तर सगळं काम फुकट आहे. पावसाच्या आत त्या बुजल्या नाहीत, तर उरलेलं सामान दुसऱ्या गावाला जाईल."

कठडा झाला, ओटा झाला. दोन खांब रोवून मला मधल्या दांडीत बसवलं. पण पायऱ्या बुजवायच्या दिवशी घोडं अडलं. गावातली मोठी बाई जैवंताबाई येऊन वरच्या पायरीवर मांडी घालून बसली.

"पायऱ्या बुजवाच्या असंल तं मले धरून बुजवा," ती म्हणाली.

"काऊन पण, जैवंतामाय?" पटेलांनी विचारलं.

"बाळंतीण बाराव्या दिवशी खाली उतरून पाण्याले हळद-कुंकू वाह्यते. माह्या सासूनं वाह्यलं, मी वाह्यलं. आता सून वाहीन. पायऱ्या नाई राह्यल्या तं लेकराले गंगामाय पदरात कसी घेईल?"

तिची सून रुख्मिणी नुकतीच बाळंत झाली होती, मुलगी झाली होती. सगळ्या बाया जैवंताबाईच्या मागे उभ्या राहिल्या. कुदळी-फावडी खाली पडली. बाईमाणसाला उचलून बाजूला कोण करणार? दहा दिवस मुरमाचा ढीग तसाच राहिला. मी दांडीत लटकून चरफडत होते. एवढा प्रवास करून आले आणि अजून एक गुंडही ओढला नव्हता! चीड तर अशी आली होती की विचारू नका.

अखेर केशोराव परत आले, सोबत सामान न्यायला गाडी घेऊन. ते चुन्याची पोती मोजायला लागले आणि शालीकरामांचा चेहरा पडला. नेमका तो रुख्मिणीचा बारावा दिवस होता.

ती आली. एका हातावर बाळ, दुसऱ्या हातात हळद-कुंकवाचं ताट. मागे तिचा नवरा बकाराम लंगडत होता, कारण त्याच्या घोट्यात काडी बांधलेली होती. जैवंताबाईने सुनेला वाट दिली. "उतर, हळू उतर," ती मायेने म्हणाली.

रुख्मिणी पायरीपाशी थांबली. खाली पाण्यात तिचा चुलत सासरा पाय बुडवून बसला होता. त्याच्याकडे तिने एकदा पाहिलं, बाळाकडे पाहिलं आणि सरळ वळून ओट्यावर आली. माझ्यापाशी!

"आत्याबाई," ती म्हणाली, "आपण पाण्याले पुजतो का पायऱ्यायले?"

"पाण्यालेच की!"

"मंग पाणी वरतं आलं तं गंगामाय खाली राह्यते का? मले लेकराच्या ओठाले पाणी लावाचं आहे, नारू नाई लावाचा."

बकारामने दोर माझ्या खाचेत टाकला, गुंड आत सोडला आणि ओढायला लागला. मी फिरले. अहाहा, काय सांगू! आयुष्यातली पहिली फेरी होती ती. गुंड वर आला, काठोकाठ भरलेला, त्यात कोणाचा पाय नाही, चिखल नाही. रुख्मिणीने आधी त्या पाण्याला कुंकू वाहिलं, मग हात वर करून मलाही हळद लावली. पाणी पदरातून गाळून घेतलं आणि बाळाच्या ओठाला ओलं बोट टेकवलं.

जैवंताबाई पायरीवरून उठली. पाण्यात बसलेल्या दिराला तिने हाक मारली, "भाऊजी, निंघा बाहेर! कायले सगळ्या गावाले नारू पाजून राह्यले?" तो ओशाळून वर आला. तशी तिने मुरमाचं टोपलं स्वतः उचललं आणि आपण बसली होती त्याच पायरीवर ओतलं. सुनेला म्हणाली, "लय शानी झालीस तू!" आणि पदराने डोळे पुसत दुसरं टोपलं भरायला गेली. संध्याकाळपर्यंत बायांनीच निम्म्या पायऱ्या बुजवल्या. केशोरावांची गाडी रिकामी परत गेली, मित्रांनो, रिकामी!

पुढच्या उन्हाळ्यात आधीच पोटात गेलेले नारू निघाले, पण थोडेच. त्याच्या पुढच्या वर्षी दोघांना. तिसऱ्या वर्षी धानाच्या रोवणीला अख्खा गाव शेताच्या बांधीत उतरला, एकही माणूस खाटेवर नव्हता. शालीकरामांनी काठी चुलीत घातली. नालीच्या पाण्यावर केळी आणि वाल इतके आले की शेजारच्या गावांनी माझी चौकशी केली. त्यांनीही कौन्सिलकडे अर्ज टाकले. तेव्हापासून पिपरटोल्याची प्रत्येक बाळंतीण ओट्यावर येऊन मला हळद लावते. एवढा मान कुठल्या गडगडीला मिळाला असेल, सांगा बरं!

आज १९४७ साल आहे. माझी खाच झिजली आहे, आस सैल झाला आहे. कोणीतरी ओट्यावर खरकटी भांडी घासतं, कोणी नालीत कचरा टाकतं, तेव्हा मला संताप येतो. सरकारने पैसा दिला, गावाने घाम दिला, आता राखायचं कोणी? ओटा झाडा, नाली मोकळी ठेवा, आणि मला तेल घाला. जास्त मागत नाही मी.

परवा बकाराम ओट्यावर पाय धूत होता. रुख्मिणीची ती मुलगी, आता तेरा वर्षांची गंगू, पाणी भरायला आली. बापाच्या घोट्यावरचा जुना वण पाहून तिने विचारलं, "बाबा, हे काय आहे?"

"नारूचा वण."

"नारू म्हणजे?"

बकाराम इतका खदखदून हसला की रुख्मिणी घरातून धावत आली.