लाल दोरा

फळ्यावर खडूने लिहिलेलं: बोटाला थुंकी लावून पाने उलटू नयेत. अक्षर सोपानरावांचं.

अंगणात चटई. तिच्यावर उघडी टाकलेली पुस्तकं, पानांत कडुलिंबाचा पाला. वैशाखाचं ऊन.

पिंपरीला औषधांचा कारखाना होणार. वर्तमानपत्राचं कात्रण, एका टाचणीवर लटकलेलं.

दोरीवर एक रुमाल. हल्ली तो सोपानराव स्वतःच धुतात.

पत्र्याची ट्रंक.

ती उतरवून बरकत टांगेवाल्याने घाम पुसला. तळेगावच्या या वाचनालयातून दर गुरुवारी तो पुस्तकं क्षयाच्या इस्पितळात न्यायचा, वाचून झालेली परत आणायचा.

“मास्तर, बिल्किसबी विचारती, त्या पोरीचं पुढं काय झालं? दुसरा भाग पायजे म्हनती.”

“कशी आहे ती?”

“कशी असनार. उठून बसवत न्हाई. म्हनती, मी थांबते, पर पुस्तकाला म्हनावं उशीर करू नको.”

सोपानराव ग्रंथपाल. इथे एकच कपाट होतं तेव्हापासूनचे. दुसरं कपाट त्यांनी कार्यकारी मंडळाशी भांडून मिळवलं, फक्त इस्पितळासाठी. गावातल्या कुणी चुकून नेऊ नये म्हणून त्यातल्या प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर लाल दोरा असे. तो त्यांची बायको अंबूबाई घालून देई.

“पुढच्या गुरुवारी येऊ नकोस, बरकत.”

“का वो?”

“काल सभेत ठरलं. लाल दोऱ्याची सगळी पुस्तकं उद्या सकाळी जाळायची. अध्यक्ष स्वतः येणार आहेत.”

गावात दोघांना खोकला लागला होता. दोघंही वाचनालयात येणारे. गावाने बोट या कपाटाकडे दाखवलं होतं.

“मग तिला काय सांगू?” बरकत म्हणाला.

सोपानरावांनी ट्रंकेची कडी लावली. काढली. पुन्हा लावली.

*

दुपारी वाचनालय बंद असतं. अंबूबाई मागच्या दाराने आली.

“कात्री आणलीस?”

“आणली. कशाला ते सांगा तरी.”

“दोरे उसवायचे. मग ही पुस्तकं गावच्या कपाटात मिसळून टाकायची.”

ती भिंतीला टेकून खाली बसली.

“मीच घातले आणि मीच उसवू?”

त्यांनी पहिलं पुस्तक तिच्यापुढे ठेवलं.

“यातलं एखादं कुणाच्या लेकराच्या हातात गेलं तर?”

“ऊन दिलंय. पाला घातलाय.”

“ते त्या मंडळींना सांगा. तुम्हाला पटतंय का?”

सोपानराव अंगणात गेले. बराच वेळ पाठमोरे उभे राहिले, खांदे आवळून. आत आले तेव्हा पहिलं पुस्तक तिच्या मांडीवर होतं आणि कात्री चालू होती. सुईची भोकं तिने खळ लावून बुजवली. दोऱ्यांचे तुकडे पदरात गोळा केले आणि जाताना घरच्या चुलीसाठी घेऊन गेली.

*

सकाळ. अध्यक्ष मालोजीराव, मागे रॉकेलचा डबा घेतलेला गडी.

दुसरं कपाट उघडं होतं. रिकामं.

“कुठायत?”

“गावच्या कपाटात.”

मालोजीरावांनी एक पुस्तक काढलं, उलटसुलट करून पाहिलं. दुसरं काढलं. मग दोन्ही ठेवून दिली आणि हात धोतराला पुसले.

“दोरा कुठाय?”

“काढला.”

“थट्टा लावलीय का, सोपानराव? तुम्हाला एकूण एक पुस्तक पाठ आहे. नुसतं बोट दाखवा, बाकी हा गडी बघेल.”

सोपानरावांनी हात उचलला. तो वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत हळूहळू फिरला.

“ही सगळी.”

“सगळी कशी?”

“सगळ्यांना माझा हात लागलाय, मालोजीराव.”

गडी हसला. “मंग मास्तरलाच उन्हात बसवू का चटईवर?”

मालोजीरावांनाही हसू आलं. सोपानराव हसले नाहीत. ते वाट बघत असल्यासारखे एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिले. कुणी काही विचारलं नाही.

वरच्या फळीवर मालोजीरावांच्या वडिलांच्या नावाने दिलेले जाड ग्रंथ होते. मालोजीरावांची नजर तिथे गेली आणि तिथेच थांबली.

“बघू,” ते म्हणाले. “पुन्हा सभा घेऊ.”

रॉकेलचा डबा आला तसा परत गेला.

गुरुवारी टांगा आला, कारण ‘येऊ नकोस’ हे बरकतने मानलंच नव्हतं. सोपानरावांनी ट्रंक भरली. दुसरा भाग सगळ्यात वर ठेवला. कडी एकदाच लावली.

“मास्तर, तुमी बी चला की एकदा,” बरकत म्हणाला. “बिल्किसबीला बघायचंय, पुस्तकं धाडतो तो मानूस कसा हाय.”

“येईन,” सोपानराव म्हणाले. “यावंच लागेल.”

त्यांच्या रुमालात पहिल्यांदा रक्त पडलं ते माघात, गावात कुणालाही खोकला लागण्याच्या आधी.