बेचाळिसावी चाचणी

“बाई, हा मला बादली विकतोय.”

शिंपीकाका चाचणीखोलीतल्या सतरंजीवर उजव्या कुशीवर पडले होते. उजवा हात अंगाखाली दाबलेला, चष्मा काढून ठेवलेला आणि डाव्या हातात कंपनीचा नवाकोरा फोन. त्यांना सांगितलेलं एवढंच होतं: तुम्ही पडला आहात, उठता येत नाहीये, घरी फोन लावा. त्याप्रमाणे त्यांनी फोनच्या कडेचं लाल बटण दाबलं होतं.

“नीट बघा, काका.”

“चष्मा तुम्हीच काढून घेतलात. तरी दिसतेय की एवढी मोठी बादली. निळी, झाकणासकट. वर लिहिलंय, आजच घ्या.”

शेजारच्या टेबलावर काम करणारी, जिला सगळे धाकटी म्हणत, ती फिसकन हसली. नापासबाई हसली नाही. तिच्या हातातलं सेकंदाचं घड्याळ चालू होतं.

“आता जरा जास्त वेळ दाबून धरा.”

आयुष्यभर शिवणयंत्र चालवलेला तो हात आता थरथरत असे. काकांनी अंगठा नेट लावून धरला. “हां, आता विचारतोय, मदत हवी आहे का. खाली हो आणि नाही.”

“हो म्हणा मग.”

“कसा म्हणू? काच फोडून ठेवलीय तुम्ही!”

काच मुद्दामच फोडलेली होती, चाचणीचा तो भागच होता. काका त्या तड्यांवर बोट घासत राहिले. पूर्ण एक मिनिट झाल्यावर तिनं घड्याळ थांबवलं, खाली वाकून त्यांना हात दिला आणि चष्मा परत केला.

“पडल्या पडल्या बादली घेऊन मी करू काय?” काकांनी विचारलं.

तिनं कागदावर एक फुली मारली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

तिचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवरच काय ते उरलं होतं. कारखान्यात सगळे तिला नापासबाई म्हणत, तोंडावरसुद्धा. तिच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही नवा फोन बाजारात जात नसे आणि तिच्या हाताखालून सुखासुखी काही जात नसे. ती फोन पाण्यात बुडवायची, टेबलावरून ढकलायची, ओल्या हातानं, हातमोज्यानं, पिठाच्या बोटांनी वापरून बघायची. बेचाळीस चाचण्या होत्या आणि शेवटची तिची स्वतःची होती.

बारा वर्षांपूर्वी ती जोडणीच्या रांगेत तारांना कथलाचा डाग द्यायला बसत असे. नवरा वीजतंत्री. एका दुपारी तो आडबाजूच्या खांबावरून पडला. कंबर मोडली, खिशातल्या फोनची काच फुटली. फोन चालू होता, पण फुटक्या काचेला बोट कळत नव्हतं. पाच तासांनी तो कुणाला तरी दिसला. इस्पितळातून घरी आल्यावर आठवड्याभरात ती थेट जुन्या मालकांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, “साहेब, बाहेरून दाबायचं एक बटण द्या. काच असो नसो, दाबलं की घरी फोन लागला पाहिजे.” मालकांनी तिला खुर्ची दिली. बटणाची जागा शोधायला चार महिने गेले. म्हाताऱ्यांचे, मुलांचे, सांधे आखडलेल्यांचे हात मापले आणि पडलेल्या माणसाचा अंगठा आपसूक जातो ती जागा सापडली. चाचणीला येणारे शिंपीकाका तेव्हापासूनचे. पुढे त्या बटणावरच कंपनी चालली. लोक दुकानात येऊन ‘लाल बटणाचा फोन द्या’ म्हणत.

मग मालक गेले, मुलांनी कंपनी विकली आणि एका बड्या उद्योगसमूहानं ती घेतली. समूहाचं फोनवर चालणारं मोठं दुकान होतं. सुईपासून कपाटापर्यंत सगळं मिळायचं, बादल्यासुद्धा.

त्या दिवशी वीस माणसं सतरंजीवर पडून गेली. जुन्या फोनवर वीसांतल्या एकोणिसांचा फोन घरी लागत असे. नव्यावर सहा जणांचा लागला. तिनं अहवालावर ‘नापास’ लिहिलं आणि संध्याकाळी नव्या साहेबांनी बोलावून घेतलं.

साहेब तिशीचे, बोलायला मऊ. त्यांनी स्वतः उठून दार लावलं.

“मॅडम, बटण आम्ही काढलेलं नाही.”

“काढलं असतंत तर बरं झालं असतं, साहेब. नाहीये म्हणून कळलं तरी असतं. हे दिसायला आहे आणि कामाला नाही.”

“काम बदललंय फक्त. एकदा दाबलं की दुकान, दाबून धरलं की मदत. आता फोन विकणं हा समूहाचा धंदा नाही. फोन म्हणजे दुकानाचा दरवाजा. आणि अंगठा न शोधता जातो अशी अख्ख्या फोनवर ती एकच जागा आहे. नव्या मालकांना ती हवी होती.”

“ती जागा कशी सापडली, विचारलं का कधी त्यांनी?”

साहेबांनी टेबलावरचा फोन उलटा करून ठेवला.

“बरं, मग ते हो-नाही कशाला विचारता?”

“दुकानासाठी बटण दिवसातून दहादा दाबलं जाणार. चुकून घरी फोन लागले तर लोक वैतागतील.”

“म्हणजे आधी त्याला भलत्याच कामाला जुंपलंत आणि मग चुका होतील म्हणून वर कुलूप घातलंत.”

साहेबांनी कपाळ चोळलं. “मॅडम, माझी आईही तुमचाच जुना फोन वापरते. मला कळत नाही असं नाही.”

“मग त्यांना हा नवा द्या,” ती म्हणाली.

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. ती नमस्कार करून बाहेर पडली.

घरी नवरा पंख्याच्या मोटरला तार गुंडाळत बसला होता. खांबावर चढणं संपल्यापासून तो घरीच पंखे दुरुस्त करी. तिनं सगळं सांगितलं. तो तारेचे वेढे मनात मोजत ऐकत होता, ते त्याच्या हलणाऱ्या ओठांवरून तिला कळलं.

“काय करू, सांगा.”

“मला नको विचारूस. मी त्या बटणाच्या बाजूचा.”

“नोकरी गेली तर?”

“तर दोघं मिळून पंखे गुंडाळू.” त्यानं तार खाली ठेवली. “तुला एक सांगू? त्या दिवशी फोन वाजत होता गं माझ्या खिशात. सारखा. तूच करत होतीस. ऐकू येत होतं, उचलता येत नव्हतं.”

बारा वर्षांत हे त्यानं तिला सांगितलं नव्हतं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ हात धूत उभी राहिली.

आठवड्याभरानं साहेबांनी नवा छापील तक्ता तिच्यासमोर ठेवला. समूहाच्या सगळ्या कारखान्यांना आता हाच लागू, म्हणाले. तिनं वरून खाली वाचला. चाचण्या एक्केचाळीस. पाणी, उष्णता, पडणं-आपटणं, सगळं होतं. फोन पडण्याच्या चाचण्या पाच होत्या. माणूस पडण्याची एकही नव्हती.

“यात एक शब्द तरी खोटा आहे का, सांगा,” साहेब म्हणाले. “एक्केचाळीसही पास आहेत, तुम्हीच केल्यात. सही करायला काय हरकत आहे?”

हरकत कुठे आहे ते तिला चटकन बोट ठेवून दाखवता येईना. खोटं खरंच काही नव्हतं. धाकटी मान वर करून बघत होती. नापासबाईनं पेन उघडलं, शेवटच्या ओळीखालच्या कोऱ्या जागेत पट्टी धरून एक रेघ ओढली आणि सावकाश लिहिलं: ‘४२. पडलेल्या माणसाची चाचणी. वीसपैकी सहा. नापास.’ आणि त्याच्या खाली सही ठोकली.

“छापील तक्त्यात असं लिहिता येत नाही, मॅडम.”

“लिहिलं की. येतं.”

दुसऱ्या दिवशी नवी प्रत आली. तिनं पुन्हा रेघ ओढली, पुन्हा लिहिलं. तिसऱ्या प्रतीत खालची जागा बारीक केलेली होती, तर तिनं अक्षर बारीक केलं. चौथ्या दिवशी कागदच आला नाही. तक्ता संगणकावर गेला. तिथे एक्केचाळीस चौकटी आणि सहीचं एक बटण, बाकी लिहायला तसूभर जागा नाही.

“नाही करत मी,” ती म्हणाली. चढ्या आवाजात नाही, पण शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं.

“मग सहीचा अधिकार दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल.”

“द्या. माझं नाव तुमच्या दुकानाच्या दारावर नको.”

अधिकार धाकटीला मिळाला. दोघी एकाच वर्षी लागलेल्या, एका डब्यात जेवणाऱ्या. धाकटी तीन दिवस तिच्या डोळ्याला डोळा भिडवेना. चौथ्या दिवशी तिनं एक्केचाळीस चौकटींवर खुणा केल्या, सही दाबली आणि स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुऊन आली. महिन्याभरात फोन बाजारात गेला. खोक्यावर लाल बटणाचं चित्र होतं, पूर्वीपेक्षा मोठं.

शिंपीकाका नेहमीच्या दिवशी आले तेव्हा पहारेकऱ्यानं त्यांना फाटकावरूनच परत पाठवलं. ती धावत खाली गेली. “काका, जुना फोन जपून वापरा. बॅटरी गेली तर माझ्या घरी या, हे बदलून देतील. आणि बाकीच्या एकोणीस जणांनाही सांगा.”

“ऑर्डर आहे का?” काकांनी विचारलं.

“ऑर्डरच समजा.”

काका ताठ झाले आणि काठी टेकत निघाले.

तिला कामावरून काढलं नाही. काढायची गरजच ठेवली नाही. जिन्याखालच्या एका खोलीत तिची बदली झाली. टेबल एक, खुर्ची एक, काम काही नाही. फोन नाही, फाइल नाही. अशा खोलीत माणूस पंधरा दिवसांत आपणहून राजीनामा लिहितं, असा अनुभव असणार कुणाचा तरी. खोलीचं दार आपोआप लागणारं होतं. पहिल्याच सकाळी तिनं एक रिकामं खोकं चपटी घडी घालून दाराखाली सारलं आणि दार उघडं ठेवलं. चाचणीखोलीत जायचा रस्ता तिथूनच होता. जाणारा प्रत्येक जण तिला दिसायचा आणि ती त्याला. काही जण मान खाली घालून जात. काही जण हळूच थांबून विचारत, “बाई, हे चार्जरचं टोक गरम होतंय, जाऊ द्यावं का?” ती हातात घेऊन बघायची आणि म्हणायची, “नापास.”

नवे साहेब रोज त्याच वाटेनं जात. त्यांनी ते खोकं काढायला कुणाला सांगितलं नाही.

दीड महिन्यानं एका सकाळी धाकटी दारात येऊन उभी राहिली. हातात काहीच नव्हतं. उंबऱ्याच्या बाहेरच थांबली.

“तुझ्याकडे यायचं नाही म्हणालेत साहेब.”

“मग आलीस कशाला?”

“एका माणसाचं पत्र आलंय. त्याचे वडील घरात पडले, बटण दाबत राहिले...” तिनं दाराची चौकट धरली. “तपासणीच्या तक्त्याखाली माझी सही आहे गं. पत्र माझ्याकडेच आलं.”

नापासबाई उठली. तिनं आपली खुर्ची उचलली, फिरवली आणि टेबलाच्या या बाजूला, धाकटीसमोर आणून ठेवली.

“बस आधी,” ती म्हणाली. “मग आपण दोघी मिळून त्याला उत्तर लिहू. खरं काय ते.”

धाकटी बसली. नापासबाईनं टेबलाच्या खणातून कोरा कागद काढून तिच्यापुढे सरकवला आणि स्वतः तिच्या शेजारी उभी राहिली, उघड्या दाराकडे तोंड करून.