जागेवरच नेमणूक

आमच्या नगराध्यक्षांना तरुणांचा भारी पुळका. दर कामगारदिनी ते बास्केटबॉलच्या मैदानावर रोजगार मेळावा भरवतात. मंडप मोठा, त्याहून मोठा फ्लेक्स, आणि फ्लेक्सवर सगळ्यांत मोठं त्यांचं तोंड. माझी खानावळ मैदानाला लागूनच, त्यामुळे हा तमाशा मला दरवर्षी फुकट बघायला मिळतो.

मेरिविक माझ्या शेजारची. ती दुसरीत असताना तिची आई कुवेतला घरकामाला गेली आणि लेकीला फोनवरूनच वाढवलं. आता मेरिविकला स्वतःची दोन वर्षांची पोर आहे, इस्या. इस्याचा बाप मनिलाला गेला तो गेलाच.

"मावशी, गावातच काहीतरी मिळू दे," मेरिविक म्हणायची. "माझी पोर माझ्यासारखी नको वाढायला."

गेल्या वर्षी ती मेळाव्याच्या रांगेत उभी राहिली. चपलांच्या दुकानाला मुलगी हवी होती ती पदवीधर, उंच आणि दिसायला प्रसन्न. चपला पायातच घालायच्या ना, मेल्यांनो? नगराध्यक्षसाहेबांना मात्र मंचावर आपल्या बाजूला 'जागेवरच नेमणूक' झालेली दहा पोरं हवी होती. झाली होती दोघांची. मग रोजगार कार्यालयाचे आब्रेनिका बाबू रांगेतले हसरे चेहरे वेचत फिरू लागले.

"तू ये गं. हा 'नेमणूक झाली' लिहिलेला पट्टा घाल गळ्यात."

"म्हणजे दुकानात माझी निवड झाली, सर?"

"होईलच की! आधी फोटो तर होऊ दे."

नोकरी लागली की आमच्यात चार जणांना खाऊ घालावंच लागतं. मी मोठं पातेलंभर पान्सित, म्हणजे भाज्या घालून परतलेल्या शेवया, केलं, सगळी आळी जेवली. सोमवारी मेरिविक इस्त्रीचे कपडे घालून दुकानात गेली. तिथे कुणी तिचं नावही ऐकलं नव्हतं. आणि चौकात नवा फ्लेक्स झळकला होता: साहेब हसतायत, शेजारी आमची मेरिविक हसतेय.

पुढे बंदराजवळ मासळी डबाबंद करायचा कारखाना निघाला. तिथे ना पदवी हवी होती ना उंची. फक्त आपण पहिल्यांदाच नोकरीला लागतोय, असा वॉर्डाच्या कॅप्टनचा, म्हणजे आमच्या निवडून आलेल्या वॉर्डप्रमुखाचा, दाखला हवा होता. कॅप्टननी तिला खिडकीशी नेलं.

"तो चौकातला फ्लेक्स बघ. तुला नोकरी आहे, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. मी खोटा दाखला देऊ?"

"फोटो काढला, कॅप्टन. नोकरी नाही दिली."

"मग हसलीस कशाला?"

मी आब्रेनिका बाबूंना गाठलं. ते माझ्याच बाकावर माझीच मासळी चापत होते.

"मावशी, तिची नोंद वर मनिलाला गेलीय," ते म्हणाले. "आता तिला बेकार दाखवायचं म्हणजे साहेबांना खोटं पाडायचं."

"मग तिचा पगार साहेबच देणार का?"

"जरा रस्सा वाढा," बाबू म्हणाले. असल्या माणसाला मी रस्सा वाढला, याचा मला अजून संताप येतो. दाखला मिळाला नाही. कारखान्यातल्या जागा भरून गेल्या.

यंदा मेळाव्यात एक नवं टेबल होतं, माणसं परदेशी कामाला पाठवणाऱ्या एजन्सीचं. सर्वांत लांब रांग तिथेच. घर पुसता यायला हवं आणि रडता कामा नये, एवढ्याच अटी. इस्याला कडेवर घेऊन मेरिविक त्या रांगेत शिरली. मी हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही. थोड्या वेळात तिची कुवेतसाठी निवड झाली. कागदावर सही झाली, पासपोर्टचा फोटो झाला, सगळं रीतसर.

आब्रेनिका बाबू धावतच मंचावर गेले. "साहेब, ही खरीच लागली!"

साहेबांनी माइक धरला. "ही आमची लेक! गावाची शान!" पुन्हा पट्टा आला. इस्या आईच्या गळ्याला अशी घट्ट बिलगली होती की पट्टा घालायला जागाच नव्हती.

"बाई, मूल खाली ठेवा," फोटोवाला ओरडला. "फ्लेक्सवर बरं नाही दिसत."

"राहू दे रे," मी खालून ओरडले. "कुणाला टाकून चाललीय ते दिसू दे की लोकांना!"

मेरिविकने एकेक करून इस्याची बोटं सोडवली आणि मंचाच्या कडेला येऊन तिला माझ्या हातात दिलं.

"घ्या, मावशी. आतापासूनच सवय लागू दे तिला."

इस्या माझ्या खांद्यावरून मंचाकडे हात पसरून किंचाळत होती, आणि फोटोवाला मला हातानेच खुणावत होता, तिला घेऊन जरा लांब जा.