शिशाची भर

सात दगड, दोन अर्ध्या विटा, फुटलेल्या बाटल्यांचे तीन गळे आणि दोन किलोचे एक लोखंडी वजन. प्रार्थनेच्या खोलीत बाहेरून आलेले सामान एवढेच होते. आतल्या बावीस खुर्च्यांपैकी पाच मोडल्या होत्या. चार खिडक्यांना मिळून सोळा काचा होत्या, त्यांतल्या दोन शाबूत होत्या. फरशीवर रक्त दोन ठिकाणी होते. एक डाग म्हाताऱ्या रंगाऱ्याच्या कपाळाचा, दुसरा, मोठा, काटेवाल्याच्या बायकोचा.

मोजणी काटेवाल्यानेच केली होती. पोलीस अधिकारी नुसते लिहून घेत होते.

"दगड सात की आठ?"

"सातच. तो आठवा नाही, खिडकीखालच्या दगडाचाच टवका आहे. जुळवून बघा."

साहेबांनी जुळवून पाहिले. जुळला.

"बायको तिकडे दवाखान्यात आणि तुम्ही इथं दगड जुळवताय. कमाल आहे बुवा तुमची!"

काटेवाल्याने टवका परत जागेवर ठेवला. त्याच्या शर्टाची उजवी बाही कोपरापर्यंत वाळून कडक झाली होती. बायकोला आत घेतल्यावर डॉक्टरांनी त्याला बाहेर काढले होते, आणि बाहेर बसून करण्यासारखे त्याच्याकडे काही नव्हते.

सकाळी साडेदहाला पहिला दगड आला तेव्हा एकोणीस माणसे गात होती. त्यांनी आवाज चढवला. दुसऱ्या दगडाने रंगाऱ्याचे कपाळ फुटले, तरी म्हातारा एक ओळ पुढे गायला आणि मगच खाली बसला. बाहेरून शिव्या येत होत्या, दारावर लाथा बसत होत्या. बायको पुढे उभी राहून गाणे सांगत होती. ते वजन खिडकीच्या गजावर आदळले, फुटले, आणि त्याचा टवका तिच्या डोळ्याखाली हाडात घुसला. उरलेले वजन फरशीवर आपटून गडगडत भिंतीपर्यंत गेले. ती ओरडली नाही. हात वर करून तिने गालाला लावला आणि बोटांकडे पाहिले. मग तिचे गुडघे वाकले.

"आता हे वजन," साहेब म्हणाले. "तुम्ही काटेवाले. तराजू, वजनं दुरुस्त करता. याचं तुम्हीच सांगा."

काटेवाल्याने वजन उचलून पालथे केले. लोखंडी वजनाच्या पोटात एक भोक असते. वजन कमी भरले तर त्या भोकात वितळलेले शिसे ओतून ते पुरे करतात. या वजनातले शिसे कडेला किंचित फुगलेले होते आणि त्यावर टोकदार पोगराने ठोकलेला एकच ठिपका होता, मध्यापासून जरा डावीकडे. असा ठिपका सबंध गावात एकच माणूस मारत असे.

"ओळखता?"

"ओळखतो."

"कुणाचं?"

"उद्या दहाला येतो. लिहून देतो."

साहेबांनी वही मिटली. "उद्यापर्यंत विसरू नका म्हणजे झालं."

---

वजन दादाच्या दुकानातले होते.

ते दुकान मुळात वडिलांचे. दोघे भाऊ तिथेच काम शिकले. वडिलांचे हात थरथरू लागल्यावर थोरल्याने नवा धंदा काढला. व्यापारी रात्रीचे वजन ठेवून जात, सकाळी हलके करून नेत. दोन किलोतून साठ ग्रॅम शिसे काढायचे आणि वरून पातळ थर द्यायचा. हे कोरण्याचे काम धाकट्याकडे होते, कारण त्याचा हात बारीक. चार वर्षे त्याने ते केले. मग एका मोडक्या काट्याच्या निमित्ताने तो या प्रार्थनेच्या खोलीत आला, येत राहिला, आणि वर्षभराने त्याने आणि बायकोने बाप्तिस्मा घेतला. दादाने तेव्हा त्याला रस्त्यावर, लोकांसमोर, चपलेने मारले.

तेही एक वेळ निभावले असते. पण त्यानंतर काटेवाला एक शेगडी, एक पळी आणि शिशाचे तुकडे घेऊन दारोदार फिरला. मी कोरलेली वजने द्या, भरून देतो. त्रेचाळीस वजने होती, एकोणचाळीस सापडली. सगळ्या बाजाराला कळले. दादाच्या दुकानातलीच सहा होती. ती त्याने वडिलांसमोर बसून भरली आणि आपला खोका उचलून बाहेर पडला. या गोष्टीला अकरा वर्षे झाली होती.

खिडकीतून आलेले वजन त्या सहांपैकी होते; ठिपका काटेवाल्याचाच, आणि घाईत कडेला फुगलेले शिसे फक्त त्या सहांचे.

---

पोलिसांकडे जाण्याआधी भावाला एकट्याला गाठून बोलायचे, हे त्याने वजन पालथे केले तेव्हाच ठरवले होते. बायको शुद्धीवर आल्यावर तिला तेवढे सांगून दुपारी तो दुकानात गेला. दादा ऐरणीपाशी होता. आई मागच्या स्टुलावर बसून पितळी वजने पुसत होती. अकरा वर्षांत तिने पुसण्याचे फडके तेवढे बदलले होते.

"ये महाराज," दादा म्हणाला. "आज प्रवचन लवकर संपलं वाटतं?"

"तिचा डोळा जाणार, असं डॉक्टर म्हणतात."

आईचा हात थांबला. दादा ऐरणीकडे बघत राहिला.

"तिला लागायचं नव्हतं," तो म्हणाला. "मी काचेवर मारलं होतं. सगळेच मारत होते."

"मग हेच सांग. उद्या दहाला माझ्याबरोबर चल आणि असंच सांग. मी शेजारी उभा राहीन."

"शेजारी! बाबांना शेवटी तुझं तोंड बघायचं नव्हतं, माहितीये? त्या माणसाचं नाव तू शेगडीवर वितळवलंस. आणि आता मला चौकीत नेऊन पुण्य कमवतोस होय?"

"दादा, वजन मी ओळखलंय. विचारलं तर सांगावं लागेल."

आई उठली. ती आधी दारापर्यंत गेली, रस्त्यावर दोन्हीकडे पाहिले, मग धाकट्यापाशी आली.

"तुमचा देव माफ करा म्हणतो ना? मग कर की माफ."

"केलं, आई. म्हणून तर पोलिसांच्या आधी इथं आलो."

"मग ओळखत नाही म्हण. एवढं एक वाक्य. एका पोटातले आहात रे तुम्ही!"

"ते कसं म्हणू? आतलं शिसं माझंच आहे."

"जळलं तुझं शिसं!"

दादाने शांतपणे हातोडी उचलली. शिसे ठोकून बसवायची, अर्ध्या किलोची.

"कुठल्या हातानं भरलंस?"

काटेवाल्याला प्रश्न कळायला वेळ लागला. आईला नाही लागला. तिने शटरची साखळी धरली आणि शटर खाली ओढले.

"लोकं बघतात," ती म्हणाली.

अंधारात दादाने त्याचे मनगट ऐरणीवर दाबले. काटेवाला अंगाने त्याच्याहून भक्कम होता. मोकळ्या डाव्या हाताशी लोखंडी दांडी होती आणि तिच्यावर त्याची बोटे मिटलीही होती. ती त्याने सोडली. दांडी फरशीवर पडल्याचा आवाज झाला, आणि त्या आवाजानेच जणू दादा जास्त पिसाळला. पहिला घाव तर्जनीवर बसला, दुसरा मधल्या बोटावर, तिसरा पुन्हा तर्जनीवर. चौथा ऐरणीवर बसला, कारण तोवर दादा स्वतःच रडू लागला होता आणि त्याला दिसत नव्हते.

आईने पितळ पुसायचे फडके त्याच्या हाताला गुंडाळले.

"जिन्यावरून पडलो म्हण," ती म्हणाली. मग शटर हातभर वर केले, त्याला वाकून जाता येईल इतकेच.

---

बायको एका डोळ्यावर पट्टी बांधून पडली होती. त्याच दवाखान्यात खालच्या मजल्यावर त्याच्या बोटांची शेवटची पेरे काढली. संध्याकाळी तो वर आला तेव्हा ती त्याच्याकडे मान वळवून पाहत राहिली.

"अहो, एका डोळ्यानं तुम्ही अर्धेच दिसता. बरं वाटतंय."

त्याला हसू आले, आणि हसताना हात ठणकला.

"दादांनी?"

"हो."

"येतायत उद्या?"

"नाही."

तिने उशीखालून एक छोटी बाटली काढून त्याला दिली. डॉक्टरांनी गालातून काढलेला लोखंडाचा टवका तिच्यात होता. "ठेवा जपून. माझ्याकडे राहिला तर मी कुणाला तरी फेकून मारीन." थोड्या वेळाने ती म्हणाली, "मला अजून माफ करता येत नाहीये. तुम्हाला इतक्या लवकर कसं जमतं, याचाच राग येतो कधी कधी."

"मलाही एकदाच जमलं, सकाळी. आता परत करावं लागणार."

सकाळी दहाला तो चौकीत होता.

"वजन कुणाचं?"

"माझ्या भावाच्या दुकानातलं. आतलं शिसं मी भरलेलं आहे."

"मारलं कुणी?"

"मी बघितलं नाही. भावानं मला सांगितलं, मी मारलं म्हणून."

"आणि हात?"

"त्यानंच. हातोडीनं. तीन घाव."

"चार लिहू का? जरा वजन येईल."

"तीनच लिहा. चौथा ऐरणीवर बसला."

साहेबांनी तीन लिहिले. डाव्या हाताने सही करायला त्याला बराच वेळ लागला.

---

दादाला तीन वर्षांची शिक्षा झाली. बाकीच्यांना कुणी ओळखले नाही. प्रार्थनेला एकोणीस यायची ती अकरा येऊ लागली. काचा तेवढ्या पुन्हा सोळाच्या सोळा झाल्या. काटेवाल्याच्या दारावर दोनदा डांबर फासले गेले. डाव्या हाताने काम शिकायला त्याला आठ महिने लागले.

दीड वर्षाने, एका दुपारी, आई त्याच्या दारात उभी राहिली. हातात पिशवी होती. आत ये म्हटले तरी ती आली नाही.

"कोर्टातून सामान सुटलं," ती म्हणाली. "दुकान आता मीच बघते. हे चालेल का, तेवढं सांग."

तिने पिशवीतून वजन काढून त्याच्या टेबलावर ठेवले. एक कोपरा उडालेला होता. पोटातल्या शिशावर ठिपका तसाच होता.

काटेवाल्याने मोठा तराजू पुढे ओढला. वजन एका पारड्यात ठेवले आणि दुसऱ्यात डाव्या हाताने पितळी वजने चढवत गेला. एक किलो, पाचशे, दोनशे, दोनशे, पन्नास. मग चिमट्याने दहा, आणि दोन.

"एक हजार नऊशे बासष्ट," तो म्हणाला.

बायको आतून आली होती. सासूकडे तिने पाहिले. सासूने तिच्या काचेच्या डोळ्याकडे पाहिले आणि नजर वळवली नाही. बायकोने फळीवरची छोटी बाटली घेतली, बूच काढले आणि तो टवका वजनाशेजारी पारड्यात टाकला.

पारडे खाली गेले. आई उंबरा ओलांडून तराजूपाशी आली.

काटेवाल्याने दोनचे काढून पाचचे ठेवले, मग एकाचे. काटा दोन्हीकडे झुलला, हळूहळू मध्यावर आला आणि थांबला. तिघांनी तो पाहिला.

एक हजार नऊशे सहासष्ट ग्रॅम. दोन किलोला अजून चौतीस कमी.