पाचवी मात्रा

मित्रांनो, मला स्वतःचा श्वास नाही. तीस-बत्तीस माणसे गाल फुगवून फुंकतात, तेव्हा कुठे मी जिवंत होते. मी एक जुनी बँडची रचना आहे. इंग्लंडमधल्या नॉरफकच्या किनाऱ्यावरची तीन लोकगीते गुंफून मला बनवले. पहिले गाणे नांगरणाऱ्यांचे, शेवटचे बिअर पिऊन नाचणाऱ्यांचे. मधले मात्र एलायजा थर्कटल नावाच्या कोळ्याचे, आणि माझी सगळी कथा त्या मधल्यातच आहे.

एलायजा धक्क्यावर बसून फाटकी जाळी शिवायचा आणि गायचा. त्याचा आवाज ऐकायला हेरिंग मासे वर येत आणि आपणहून टोपलीत पडत. हे तो स्वतःच सांगत असे, म्हणजे खरेच असणार. एके दिवशी सायकलवरून एक संगीतकार आला. त्याने गाणे जसेच्या तसे उतरवून घेतले. प्रत्येक ओळीला चार मात्रा, फक्त तिसऱ्या ओळीला पाच. ती पाचवी रिकामी. ती का, हे संगीतकाराने विचारले नाही आणि एलायजाने सांगितले नाही. मला मात्र जन्मापासून त्याचे कुतूहल.

माझे कौतुक खूप झाले. जत्रेत मी वाजू लागले की चर्चच्या मनोऱ्यावरचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा वाऱ्याकडे पाठ करून ऐकत राही. पुढे मात्र वीस वर्षे कपाटात पडून होते. उंदरांनी माझी क्लॅरिनेटच्या सुरांची दोन पाने खाल्ली. ते उंदीर शेवटपर्यंत सुरात चिरकत, असे म्हणतात.

मग बंदराच्या उत्सवासाठी गूच बँडमास्तरांनी मला बाहेर काढले. पाच मात्रा पाहून ते म्हणाले, "छापणाऱ्याला डुलकी लागलेली दिसते." आणि लाल पेन्सिलीने माझी पाचवी मात्रा खोडली.

मधल्या गाण्याचा सोलो युफोनियम नावाच्या ढब्ब्या पितळी वाद्यावर होता. वाजवणार होती डॉर्कस, एलायजाची नात. अकरा वर्षे मागच्या रांगेत काढल्यावर तिला आजोबांचे गाणे मिळाले होते. पण तालमीत ती दर वेळी तिसऱ्या ओळीनंतर थांबे.

"डॉर्कसबाई, आम्ही पुढे गेलो. तुम्ही चहा घेऊन येताय का मागून?" मास्तर म्हणाले.

"चुकतंय खरं, मास्तर. पण तोंड आपोआप थांबतं."

"तुझं तोंड थांबतं?" कॉर्नेटवाला हर्बर्ट म्हणाला. "हे तुझ्या नवऱ्याला नको सांगूस, डॉक्टर बोलावेल."

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. "शनिवारी उत्सव आहे, बाई. उद्या अडखळलात, तर सोलो हर्बर्टचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉर्कस धक्क्यावर जाळे शिवायला बसली. मला शेजारी दगडाखाली ठेवले होते. ती गुणगुणू लागली. तिसरी ओळ संपली, तिने सुतळी दातात धरली आणि गाठ करकचून आवळली. मग चौथी ओळ. ती एकदम थांबली. पुन्हा गायली. पुन्हा सुतळी दातात. आजोबांनी तिला जाळे शिवायला शिकवले होते, ते हेच गाणे गात. सुतळी दातात धरून गाणार कसे? जन्मभराच्या प्रश्नाचे उत्तर एका सुतळीत होते.

संध्याकाळच्या तालमीला ती जाळेच घेऊन आली.

"मास्तर, हे धरा. गात गात गाठ मारा."

"बाई, मी बँडमास्तर आहे, कोळी नाही."

"एकदाच. मग सोलो खुशाल हर्बर्टला द्या."

मास्तर कुरकुरत गाऊ लागले. तिसऱ्या ओळीला त्यांनी सुतळी चावली, ओढली, आणि त्यांची कवळी सुतळीला लोंबकळत बाहेर आली. कोणी हसायचे धाडस केले नाही. त्यांनी ती शांतपणे परत बसवली.

"खोडरबर आहे का कुणाकडे?" ते म्हणाले.

शनिवारी डॉर्कसने वाजवले. तिसऱ्या ओळीनंतर सगळा बँड थांबला. त्या रिकाम्या मात्रेत पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या कोळ्यांचे दात एकदम कट्कन मिटले.

मित्रांनो, लाल रेघ काही पुरती पुसली गेली नाही. ती अजून माझ्या अंगावर आहे. उद्या तुमच्याही हाती एखादी जुनी गोष्ट येईल आणि तीत काहीतरी जास्तीचे वाटेल. तेव्हा पेन्सिल खिशातच राहू द्या. आधी तिच्या माणसांजवळ जाऊन जरा बसा.