रुचिकाच्या घरचे तांदूळ

“आई, बस ना जराशी. राजवाडा काही पळून जाऊन नाही राहिला,” रुचिका म्हणाली.

शेवंताबाई बसली नाही. सोलच्या त्या भल्यामोठ्या राजवाड्याच्या अंगणात ती पदर आवळून उभी होती आणि समोर तिचा नवरा भाड्याचा कोरियन पोशाख चढवून फोटो काढून घेत होता. भंडाऱ्याचा टिकाराम, जन्मभर मागावर बसून कोशाच्या रेशमी साड्या विणलेला माणूस, आणि आता डोक्यावर काळी जाळीदार टोपी, हनुवटीखाली बांधलेले बंद, अंगात निळा घोळदार झगा. धाकटा हेमराज मोबाईल आडवा धरून बापाला फिरवत होता. याचं भंडाऱ्यात मोबाईलचंच दुकान, त्यामुळे तो कोरियात आल्यापासून डोळ्यांनी कमी आणि मोबाईलमधूनच जास्त बघत होता.

टिकारामने झग्याची बाही बोटांत चोळून पाहिली. “मशीनचं कापड हाय,” तो म्हणाला. “पण रंग मस्त बसला. अवो, तू बी घाल ना एक.”

“मले नाही घालायचं. तुमचं झालं असंन तर चला.”

“कुठं चला? आताच तं आलो!”

कुठं, ते शेवंताबाईलाही सांगता आलं नसतं. कोरियात पाऊल ठेवल्यापासून तिचं असंच चाललं होतं. बाजारात गेली की घरी जाऊ म्हणायची, घरी आली की खिडकीशी उभी राहायची. भंडाऱ्याला ती दिवसभर चरख्यावर कांड्या भरत बसायची. मागाच्या धोट्यात जाणारं सूत त्या कांड्यांवर गुंडाळायचं, हे तिचं लग्न झाल्यापासूनचं काम. बोलताना, भांडताना, टीव्ही बघताना हात चालू. इथे हाताला काही नव्हतं, आणि डोक्यात मात्र एकच प्रश्न गरगरत होता.

प्रश्न साधा होता. पोरगी परत कधी येणार?

रुचिका शिकायला म्हणून कोरियात आली होती. शिक्षण संपलं, मग तिथल्याच एका प्रयोगशाळेत कामाला लागली. ‘थोडे दिवस, आई’ असं म्हणाली होती. त्या थोड्या दिवसांना शेवट कसा तो येत नव्हता. दिवाळी झाल्यावर तिने सगळ्यांना फिरायला बोलावलं तेव्हा शेवंताबाई मनाशी ठरवूनच निघाली. कारध्याची मनकर्णाबाई, तिची नणंद, तिने रुचिकासाठी एक स्थळ धरून ठेवलं होतं. नदीचा पूल ओलांडून ती मुद्दाम निरोप द्यायला आली, तेव्हा शेवंताबाईने ठणकावून सांगितलं होतं, “पायजो तू. पोरीले संगं घेऊनच येतो.”

पण विचारायला सवड मिळेल तर ना. जेवायला बसावं तर भाताच्या आधी इवल्याशा वाट्यांची रांग लागायची. मुळा, पालक, कोंब आलेले मूग, तिखटात घोळलेली कोबी. वाटी रिकामी झाली की खाणावळीतली बाई पुन्हा भरून ठेवायची. टिकाराम तलावांच्या जिल्ह्यातला माणूस, त्याला भाजलेली मासळी दिसली की बायकोचं तोंड दिसत नव्हतं. “आपल्या सुकटीवानीच हाय वो,” म्हणत तो वाटीमागून वाटी उडवायचा. हेमराज कोपऱ्यावरच्या दुकानात उभ्याउभ्या कागदी भांड्यातल्या शेवया सुर्र करून ओढायचा आणि नाकातून पाणी आलं तरी त्याचंही चित्रण करायचा. शेवंताबाईने लोखंडी काड्या एकदाच हातात धरल्या, ठेवून दिल्या आणि सरळ हाताने जेवली. मग पोरगीही हातानेच जेवली. तेवढ्यापुरतं शेवंताबाईला बरं वाटलं.

घरी मात्र तिची नजर थांबेना. सोलजवळच्या सुवोन शहरातल्या एका जुन्या दुमजली घरात रुचिका वरच्या मजल्यावर राहायची. दाराशी चपला काढायच्या, जमिनीवर बसायचं, जमीन खालून गरम. चुलीपुढं बसल्यासारखी ऊब. ते तिला आवडलं, पण आवडलं म्हणून सांगावं की नाही ते कळेना. पडदे पोरीने मापाने शिवून घेतलेले. खिडकीत कुंडीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, हिरवागार. कपाटात जाड रजया, देवाचा फोटो, कुंकवाचा करंडा. डब्यांवर डबे, जसे भंडाऱ्याच्या घरी. इतकं सामान कशाला जमवलंय, असं तिच्या मनात यायचं आणि ती मनालाच दटावायची.

खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायची. रुचिका तिला ‘हाल्मोनी’ म्हणायची, म्हणजे आजी. कमरेत वाकलेली, पण पायाला भिंगरी. राजवाडा पाहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ती वर आली आणि हातवारे करून काहीतरी सांगू लागली.

“हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं लोणचं, घालायची हाय,” रुचिका म्हणाली. “वर्षातून एकदा घालतात, गल्लीतल्या बाया जमतात. आपल्याकडे उन्हाळ्यात कुरड्या-पापड नाही का करत? तुले पाहायचं असंन तर चल म्हणते.”

“पाहायचं काय त्यात? करू लागतो,” शेवंताबाई म्हणाली आणि साडीचा पदर खोचलाच.

अंगणात कोबीचे ढीग होते. लांबट कोबी, रात्रभर मिठात निजवून मऊ पडलेली. एका परातीत लाल तिखटाचं सारण. भिवापुरी मिरचीसारखा रंग पाहून शेवंताबाईच्या तोंडाला पाणी सुटलं. त्यात मुळ्याचा कीस, लसूण, आलं, कांद्याची पात आणि खारवलेली बारीक झिंगरं, म्हणजे कोळंबी. चार बाया कोंडाळं करून बसल्या होत्या. हाल्मोनीने तिला रबरी हातमोजे दिले. तिने ते बाजूला ठेवले. लोणच्यात हात घालताना कोणी मोजे घालतं काय?

पानन्‌पान उचलायचं, आत सारण चोळायचं, गड्डा घट्ट दुमडायचा आणि डब्यात दाबून बसवायचा. एका गड्ड्यात तिला जमलं. हात जळजळत होते, तरी आल्यापासून पहिल्यांदाच तिचा जीव थाऱ्यावर आला. बाया त्यांच्या भाषेत बोलत होत्या, ही आपल्या झाडीबोलीत बोलत होती. “अवो माय, मीठ कमी होईन,” असं ती म्हणायची आणि हाल्मोनी खो खो हसून तिच्या तोंडात कोबीचं सारण भरलेलं पान कोंबायची. टिकाराम पायरीवर बसून बायकोकडे कौतुकाने बघत होता.

सगळ्यांचे डबे भरून झाले. हाल्मोनीने उरलेला सगळ्यात मोठा रिकामा डबा शेवंताबाईपुढे सरकवला आणि रुचिकाकडे बोट केलं. हा हिचा. शेवंताबाईला आणखी चेव चढला. पोरीचा डबा म्हटल्यावर तिने निवडून निवडून चांगले गड्डे घेतले, सारण हात सोडून घातलं, मुठीने दाबून डबा काठोकाठ भरला. मग हात पुसत ती म्हणाली, “पण इतकं मोठं डबडं विमानात कसं नेशीन व माय? मनकर्णाबाईले चाखाले थोडंसं बांधून घे, बाकीचं इथंच वाटून टाक.”

रुचिका झाकण लावत होती. ती थांबली.

“आई, हे न्यायचं नाही.”

“मंग?”

“हे मुरायला ठेवतात. थंडीभर खायचं. उरलेलं पुढच्या थंडीपर्यंत पुरते.”

“पण पुढच्या थंडीत इथं खाणार कोण?”

रुचिकाने झाकण दाबून घट्ट बसवलं. पायरीवरचा टिकाराम उठला आणि उगाच नळाकडे हात धुवायला गेला. आणि मग शेवंताबाईला कळलं. पोरीच्या इथे राहण्याची वर्षाची बेगमी तिने स्वतःच्या हाताने, दाबून दाबून भरली होती.

हाल्मोनीला काय झालं ते समजलं नाही. तिने शेवंताबाईचे लालभडक हात आपल्या हातात घेतले आणि बर्फासारख्या पाण्याने धुतले. जळजळ थांबली नाही.

वर आल्यावर शेवंताबाई नवऱ्याकडे वळली. “तुमाले माहीत होतं?”

“पोरगी म्हणे, मीच सांगतो आईले,” टिकाराम पुटपुटला. “मंग मी कायले मधात तोंड घालू?”

“म्हणजे साऱ्याले माहीत. मी एकटीच येडी!”

हेमराजने मोबाईल खिशात ठेवला. आल्यापासून पहिल्यांदाच.

शेवंताबाई खोलीत येरझाऱ्या घालू लागली. खोली एवढीशी, चार पावलांत भिंत. “फोनवर सांगता नाही आलं? राजवाडे दाखवले, मासे खाऊ घातले. गोड बोलून माह्या तोंडाले पानं पुसली.”

“फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असती आणि मंग मीबी रडली असती,” रुचिका म्हणाली. “माह्यं घर तुले दिसलं नसतं. म्हणून बोलावलं, आई. मी कशी राहतो, काय खातो, खालची म्हातारी मले कशी जपते, हे तुह्या डोळ्यानं पाहावं म्हणून.”

“दोन खोल्यांत काय पाहायचं? तिकडे मनकर्णाबाई वाट पाहून राहिली. तिले काय सांगू मी?”

“सांग, पोरीले काम हाय. इथंच राहते.”

“असं कोणी राहते का? आपलं गाव सोडून?”

“तू नाही राहिली? आंबागडच्या माहेराहून भंडाऱ्याले आली, मंग परत गेली काय?”

“माह्यं लगन झालं होतं!”

“तुह्यं लगन झालं म्हणून तू राहिली. मले काम लागलं म्हणून मी राहतो.” रुचिकाचा आवाज चढला आणि लगेच उतरला. “आई, भंडाऱ्यात होती तेव्हा मले एक जागी बसवत नव्हतं. तुलेच आठवत असंन, तू म्हणायची, या पोरीले काय चावून राहिलं. इथं आली आणि ते थांबलं. आता परत येऊ म्हणशीन तर येतो. पण ते पुन्हा सुरू होईन.”

शेवंताबाईला ते चांगलंच आठवत होतं. मॅट्रिकच्या वयाची रुचिका, सारखी गच्चीवर, सारखी दारात, सारखी रस्त्याकडे डोळे. तिला तेव्हा राग यायचा. आता या उबदार जमिनीवर मांडी घालून बसलेली पोरगी पाहिली आणि तिला जाणवलं की आल्यापासून रुचिका एकदाही उगाच उठलेली नाही. इकडून तिकडे फिरत होती ती शेवंताबाई एकटी. तिला रडू आलं. तिने ते पदराने पुसलं. त्या दिवसापासून निघेपर्यंत ती कामापुरतंच बोलली, आणि रुचिकानेही तिची समजूत काढायचा प्रयत्न केला नाही.

निघायच्या सकाळी बॅगा दाराशी लागल्या होत्या. हाल्मोनी खाली गाडीपाशी हेमराजला भाजलेल्या रताळ्यांची पुडी देत होती. शेवंताबाई चप्पल घालणार तोच रुचिका आतून आली. हातात वाडगाभर तांदूळ, त्यावर एक भलंमोठं पिवळं नाशपतीचं फळ, आणि तो कुंकवाचा करंडा.

“आई, बस.”

“काहून?”

“ओटी भरतो तुही.”

शेवंताबाई चमकली. “कुवाऱ्या पोरी ओटी भरत नसतात.”

“मंग कोणं भरावी?” रुचिका म्हणाली. “घर तर माह्यंच हाय ना.”

टिकारामने मान खाली घातली. शेवंताबाई पोरीच्या तोंडाकडे पाहत राहिली. जन्मात तिची ओटी आंबागडला भरली गेली, कारध्याला भरली गेली, भंडाऱ्यातल्या कितीतरी घरांत भरली गेली. जिथून पाहुणी निघते त्या घरची बाई ओटी भरते, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. ती आज पहिल्यांदा आपल्या पोरीची पाहुणी होती. हे कबूल करायचं की नाही, एवढंच आता तिच्या हातात होतं.

ती जमिनीवर बसली. पदर पुढे घेतला आणि पसरला.

रुचिकाने कुंकू लावलं. कुंकू जरा वाकडं लागलं. मग ओंजळ भरभरून तिने तांदूळ पदरात घातले, वर ते फळ ठेवलं आणि वाकून पाया पडली. शेवंताबाईने पदराची गाठ मारण्याआधी त्यातले चिमूटभर तांदूळ काढले. ती उठून स्वयंपाकाच्या ओट्याकडे गेली, रुचिकाचा तांदळाचा डबा उघडला आणि ते दाणे त्यात टाकले. पाहुणी जाताना घर रिकामं करून जात नाही.

“झाकण घट्ट लावत जाय,” ती म्हणाली. “किडे होतात.”

भंडाऱ्याला आल्यावर मनकर्णाबाई पूल ओलांडून दुसऱ्याच दिवशी हजर. शेवंताबाई चरख्यावर बसली होती. चाक फिरत होतं, कांडी भरत होती. मनकर्णाबाईने आधी घरात डोकावून पाहिलं, मग दाराबाहेर पाहिलं.

“कुठं हाय व पोरगी? संगं आणतो म्हणे ना तू?”

“तिले तिथंच काम हाय. ती नाही येत.”

“नाही येत म्हणजे? मंग त्या पाहुण्याइले मी काय सांगू?”

“सांग, नाही येत.” शेवंताबाईने सूत तोडलं नाही, हात थांबवला नाही. “जेवून जाय. भात टाकला हाय.”

ताटं वाढली. मनकर्णाबाईने भाताचा घास केला, तो बोटांना चिकटला. तिने तो निरखून पाहिला. “हे कुठले तांदूळ आणले वो? गोळा होऊन राहिला. आपल्या धानाच्या बांधीतला तं नाही दिसत.”

टिकाराम जेवता जेवता थांबला आणि बायकोकडे बघू लागला.

“पोरीच्या घरचे हायेत,” शेवंताबाई म्हणाली, आणि भांड्याच्या तळाशी उरलेला भात चमच्याने खरवडून तिने आपल्याच ताटात घेतला.