दगडाबाईची कडी आणि माझं टोपण

मी एक काचेची कुपी बोलतेय. बोटाएवढी, जांभळ्या टोपणाची. जरा हळूच बोलतेय, कारण माझा स्वभाव घाबरट आहे. सांगलीतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत पांढरी शीतपेटी आहे, तिच्या तिसऱ्या कप्प्यात मी गोठून पडले आहे. पेटीचं यंत्र मधूनच घर्रर्र करून सुरू होतं आणि मी दर वेळी दचकते. इतके महिने झाले, तरी दचकते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला माहीत नाही. शंभर बहिणींबरोबर मी खोक्यातून इथे आले. रिकामी होते तोवर मला कसलीच काळजी नव्हती. काळजी आली ती रक्ताबरोबर.

माझ्या अंगावर चिठ्ठी आहे : क्रमांक चव्वेचाळीस, स्त्री, वय अडुसष्ट. त्यातलं वय खोटं आहे, आणि ते मी कुणाला सांगू शकत नाही.

सत्त्याण्णव सालचा उन्हाळा होता. अश्लेषाताईंनी मला पिशवीत घालून आष्ट्याजवळच्या वडार वस्तीत नेलं. ताई बी.एस्सी. होऊन नुकत्याच कामाला लागल्या होत्या, आणि एखादं कुत्रं भुंकलं तरी पिशवी छातीशी धरायच्या. ज्या डॉक्टरांच्या हाताखाली त्या होत्या, तेही बरोबर होते. त्यांचा विषय असा : माणसाच्या पेशीत जे बारीक धागे असतात त्यांची टोकं वयाबरोबर आखूड होतात. ज्यांची फार आखूड, त्यांची स्मरणशक्ती लवकर जाते का? मोठ्या शहरांतल्या लोकांचं असलं काम सुरू झालं होतं. दगड घडवणाऱ्या वडारांसारख्या भटक्या जमातीकडे कुणी फिरकलं नव्हतं.

वस्तीतल्या दगडाबाईच्या दाराला बाहेरून कडी लागलेली होती. ती काढली तिच्या मुलानं, अर्जुनानं. तो खडीच्या मशिनवर कामाला जायचा, आणि जाताना आईला कोंडून जायचा.

"वाईट वाटतं ताई," तो म्हणाला. "पर शिमग्याआधी ही पाटे ठोकायची टाकी-हातोडा घेऊन गेली ती दुसऱ्या दिशी दुपारी आली. वाट इसरली, आन् कबूल करत न्हाई."

"कोन इसरलं रं?" आतून आवाज आला. "वाळव्याच्या मळ्यात मनुबाईच्या पाट्याला टाकी लावत व्हते. तिच्या घरी पुरनाच्या पोळ्या व्हत्या. जेवले, झोपले, आले."

"मिक्सर आल्यावर पाट्याला टाकी कोन लावून घेतं, आये?"

"मनुबाई घेती. जा, बघ जाऊन."

तो गेला नव्हता. कुणीच गेलं नव्हतं.

सुई टोचली तेव्हा मी दगडाबाईला पहिल्यांदा जवळून पाहिलं. हातभर बांगड्या, आणि केसांत दगडाची भुकटी. रक्त ऊन ऊन माझ्यात आलं. डॉक्टरांनी टोकांची गोष्ट समजावली तेव्हा ती हसली.

"म्हंजी टाकीगत. लोहाराकडं शेवटून, धार काढून घ्यावी, दर टायमाला वाईच आखूड."

"अगदी तसंच," डॉक्टर खूश झाले.

"पर टाकी आखूड झाली म्हनून हात इसरतो व्हय?"

डॉक्टर पुढच्या घराकडे वळले होते. मी ऐकलं, पण मला लिहिता येत नाही.

मग प्रश्न झाले. ताई कागदावरचे वाचत होत्या. आज तारीख काय? "परवा बाजार हाय," दगडाबाई म्हणाली. शून्य. शंभरातून सात सात कमी करत जा. "सातानं कोन मोजतं गं? पाचानं सांगते." शून्य. तीन शब्द लक्षात ठेवा : आंबा, खुर्ची, रुपया. थोड्या वेळानं विचारल्यावर ती म्हणाली, "आंबा, रुपाया. तिसरं ते तुमच्या घरातलं, आमच्यात नसतं." अर्धा गुण द्यावा का, हे ताई कितीतरी वेळ ठरवू शकल्या नाहीत. शेवटी दिला नाही.

वय विचारलं तर ती म्हणाली, "कोयनंचा भूकंप झाला तवा हा अर्जुना पोटात. पयलटकरीन व्हते." कागदावर भूकंपासाठी जागा नव्हती. अर्जुनानं रेशनकार्ड काढलं. आठ वर्षांपूर्वी कारकुनानं केस पांढरे बघून साठ लिहिलं होतं. ती भुकटी होती. ताईंनी नीट बेरीज केली. अडुसष्ट.

निघताना अर्जुनानं विचारलं, "ताई, रिपोर्ट कवा?" असले रिपोर्ट कुणाला एकेकट्याला देत नाहीत. शंभर जणांचं मिळून एक टिपण होतं, बस. हे ताईंना माहीत होतं. पण तो एकदम समोर आला म्हणून त्या दचकल्या, आणि तोंडातून निघून गेलं, "येईल, दिवाळीपर्यंत."

"मग रिपोर्ट आल्यावर कडी काढतो, आये."

कडी लागल्याचा आवाज मी पिशवीतून ऐकला. त्याच संध्याकाळी पेटीचं झाकण माझ्यावर बंद झालं.

पुढे डॉक्टर परदेशी गेले. टोकं मोजायचं यंत्र आलंच नाही. अर्जुना मात्र येत राहिला. झाकणाआडून त्याच्या चपला मला ओळखू यायच्या. दोनदा ताईंनी त्याला "अजून नाही" म्हणून परत पाठवलं. त्या खोटं बोलल्या की पेटीच्या कडेवर बोटं वाजवायच्या, आणि ती थरथर माझ्यापर्यंत यायची.

दिवाळी झाल्यावर तो तिसऱ्यांदा आला.

"ताई, ती आता बोलत न्हाई. भिंतीवर टाकी मारत बसती. जेवान ठेवलं तर तोंड फिरवती. काय आसंल ते सांगून टाका."

ताईंनी खण ओढला. मग वही उलटल्याचा आवाज आला. "अर्जुनाभाऊ, तुमचं वय काय?"

"एकोणतीस चाललंय."

"आणि तुम्ही पहिले. म्हणजे माझ्या हिशेबानं तुमच्या आईला पहिलं मूल एकोणचाळिसाव्या वर्षी झालं."

तो हसला, मग थांबला. "आवं, आमच्यात त्या वयाला नातवंडं हुत्यात."

"चुकलंय माझं. वय चुकलंय, त्या पन्नाशीच्याही नसतील. आणि रिपोर्ट..." या वेळी पेटीच्या कडेवर बोटं वाजली नाहीत. "रिपोर्ट येणारच नव्हता. मी घाबरून बोलले."

मला वाटलं, आता तो ओरडणार. तो एवढंच म्हणाला, "मग कडी काढू का नगं?"

ताईंनी पेटीकडे बघितलं असणार, कारण झाकण उघडलं. उजेड आला. दोघं माझ्याकडे बघत होते, जणू मी हो किंवा नाही म्हणणार. अहो, मला काय विचारता! माझ्यात तिचं चमचाभर रक्त आहे. त्यातली टोकं किती झिजली ते कदाचित कुणी मोजेल. ती कुठे गेली होती हे त्यात लिहिलेलं नाही.

"मनुबाईंचा मळा तुम्हाला माहीत आहे?" ताईंनी विचारलं.

"आयेला म्हाईत हाय."

"मग त्यांनाच पुढे घालू. वाट दाखवतील तर दाखवतील. पाटा बघू."

झाकण पडलं. दोघांची पावलं जिन्यावरून उतरत गेली.

त्याला आज नववा दिवस. ताई कामावर आलेल्या नाहीत, का आल्या असून इकडे फिरकत नाहीत, मला कळत नाही. सकाळपासून वीज गेली आहे. यंत्र गप्प आहे आणि या शांततेनंही मी दचकते आहे. कडेचं बर्फ सुटतंय, माझ्या चिठ्ठीवरची शाई पसरतेय. अडुसष्टातला आठ गेला.

तुमच्यापैकी कुणी आष्ट्याकडे जाणार असाल, तर त्या वस्तीतलं दार तेवढं बघून या. कडी अजून बाहेरून लागलेली दिसली, तर माझ्यासाठी थांबू नका. माझं टोपण राहू दे. तिची कडी काढा, आणि वाळव्याची वाट तिला विचारा.